पाच हजारांत हाफ मॅरेथॉनसाठी हलके शूज कोणते घ्यावेत?

सेकंड शिफ्ट
३ नोव्हेंबर, रात्री १२.१०

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत कामाला आहे. वय ३६, वजन ७४ किलो. तीन वर्षांपासून पळतो. रोजचं पळणं पाथर्डी फाटा ते पांडवलेणीचा पायथा आणि परत. रविवारी लांबचं असेल तर गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे, पाय साथ देतील तिथपर्यंत. आजवर तीन हाफ झाल्या, सगळ्यात चांगली वेळ २ तास ५ मिनिटं. जानेवारीत पुन्हा हाफ आहे आणि या वेळी १ तास ५५ मिनिटांत यायचंच, असं मनाशी धरलंय.

माझे सध्याचे शूज मऊ आहेत, टिकाऊ आहेत, पण जड आहेत. काल घरातल्या पीठ मोजायच्या काट्यावर ठेवून पाहिला, एक बूट ३१२ ग्रॅम भरला. पंधरा किलोमीटरनंतर पाय रस्त्यावरून उचलावा लागतो, आपला आपण उचलला जात नाही. ग्रुपमधले दोघं कार्बन प्लेटचे, म्हणजे सोलच्या आत कार्बनची कडक पट्टी असलेले शूज घालतात. किंमत ऐकली आणि विषय तिथेच सोडला. माझं बजेट पाच हजार, अगदी ताणलं तर साडेपाच. डिसेंबरात मुलीच्या शाळेची फी आहे, त्यामुळे त्यावर जाणार नाही.

मला खरंच कळून घ्यायचंय: माझ्या वेगाच्या माणसाला हलक्या शूजचा उपयोग होतो का? प्लेट असायलाच हवी का? आणि दुकानात गेल्यावर नेमकं काय बघायचं?

लासलगावकर
३ नोव्हेंबर, सकाळी ६.३५

आधी हिशेब करू, म्हणजे किती अपेक्षा ठेवायची ते ठरेल.

कोलोरॅडो विद्यापीठातला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. धावपटूंना न सांगता त्यांच्या बुटांत शिशाचे बारीक छर्रे भरले आणि ३,००० मीटर पळवलं. दर बुटाला १०० ग्रॅम वाढले की वेळ सरासरी ०.७८ टक्क्यांनी वाढली. तुमचे २ तास ५ मिनिटं म्हणजे ७,५०० सेकंद. त्याचे ०.७८ टक्के काढले तर ५८-५९ सेकंद येतात. म्हणजे ३१२ वरून २१२ ग्रॅमवर आलात तर वजनामुळे साधारण एक मिनिट वाचेल. तुम्हाला हवीत दहा मिनिटं. उरलेली नऊ सरावातून काढावी लागतील.

पण तुम्हाला पंधरा किलोमीटरनंतर जे जाणवतं ते खोटं नाही. मिनिटाला १७० पावलं धरा. सव्वाशे मिनिटांत २१ हजारांवर पावलं होतात, एकेका पायाला साडेदहा हजार. दर पावलाला १०० ग्रॅम कमी उचलले तर एका पायाने साडेदहा क्विंटल कमी उचलले. मी कांद्याच्या धंद्यात आहे, माझ्या डोळ्यांपुढे लगेच पन्नास किलोच्या एकवीस गोण्या उभ्या राहतात. एका पायाच्या एकवीस, दुसऱ्या पायाच्या एकवीस.

तेव्हा घ्या जरूर. एका मिनिटासाठी घ्या, दहासाठी नको.

चढउतार
३ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

लासलगावकरांनी पाया चांगला घातलाय. मी बावीस वर्षं पळतोय, त्यातली पहिली दहा पातळ सोलच्या रेसिंग फ्लॅट्समध्ये गेली. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे आधी कळलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

हलका बूट तीन ठिकाणी वजन सोडतो. वरच्या कापडात, टाचेच्या कडक कपात आणि तळाच्या रबरात. पहिल्या दोन ठिकाणी सोडलं तर पायाला घट्टपणा कमी मिळतो, तिसऱ्या ठिकाणी सोडलं तर सोल लवकर झिजतो. चौथी जागा म्हणजे मधला फोम. गेल्या काही वर्षांत खरा बदल तिथेच झालाय.

जुना आणि स्वस्त फोम म्हणजे ईव्हीए. चपलांच्या सोलला असतो त्याच घराण्यातला, फक्त चांगला बनवलेला. हलका असतो पण दबून दबून बसतो. २०१३ मध्ये अडिडासने बूस्ट आणला, तो टीपीयू नावाच्या प्लास्टिकचा. उसळी चांगली, टिकतो, पण जड. त्यानंतर आला पेबा फोम. हलकाही आणि उसळीलाही सगळ्यांच्या पुढे, पण महाग. नायकीने २०१७ मध्ये व्हेपरफ्लाय बाजारात आणला त्यात हाच फोम होता, आत कार्बनची प्लेट होती, आणि प्रयोगशाळेत त्या वेळच्या इतर रेसिंग शूजपेक्षा सरासरी ४ टक्के ऊर्जा कमी लागली. लोक म्हणतात प्लेटमुळे. माझं मत असं की मोठा वाटा फोमचा आहे, प्लेट त्या मऊ फोमला सरळ ठेवते. साध्या ईव्हीएत प्लेट घालून ‘कार्बन शूज’ म्हणून विकतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. कडकपणा मिळतो, उसळी मिळत नाही.

आणि प्लेट नसली म्हणजे वेग नाही असंही नाही. डेनिस किमेट्टोने २०१४ मध्ये बर्लिनला २ तास २ मिनिटं ५७ सेकंदांचा मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला तो अडिझिरो अडिओस बूस्टमध्ये. त्यात कार्बन प्लेट नव्हती.

आता पाच हजारांचं बोलू. या पैशात मी क्रमाने असं बघेन. एसिक्सचा हायपर स्पीड: हलका, प्लेट नाही, पुढून सोल वर वळवलेला, त्यामुळे पाऊल आपोआप पुढे जातं. रेसिंगसाठीच बनवलेल्या स्वस्त शूजमध्ये माझी पहिली पसंती. सॉकनीचा किनवारा: जुनी मालिका, टाच आणि चवडा यांच्या उंचीत फक्त ४ मिलिमीटरचा फरक, सवय असेल तरच. डेकॅथलॉनच्या किपरनमध्ये ‘केडी’ अक्षरं असलेले बघा, ते वेगासाठी, ‘केएस’वाले आरामासाठी. पुमाचा व्हेलॉसिटी नायट्रो रेसिंगचा नाही, पण ओल्या रस्त्यावर त्याच्या रबराइतकी पकड मला दुसऱ्या कशात मिळाली नाही.

भाव कमी करायचा एक खात्रीचा मार्ग आहे. नवीन आवृत्ती आली की मागची आवृत्ती उतरते, आणि फरक बहुतेक वेळा वरच्या कापडाचा आणि रंगाचा असतो. मी माझा हायपर स्पीड असाच घेतला, भडक पोपटी रंग कोणी घेत नव्हतं म्हणून साडेचार हजारांच्या आत मिळाला.

गोदाकाठची
३ नोव्हेंबर, दुपारी २.०५

चढउतार काकांनी फोमचं सांगितलं, मी मापाचं सांगते, कारण मी तिथे दोनदा फसले.

पहिल्यांदा ऑनलाइन घेतले. साइटवर यूएस ८ लिहिलं होतं, मी यूके ८ समजले. पुरुषांच्या मापात यूएस ९ म्हणजे काही कंपन्यांत यूके ८ होतो आणि काहींत साडेआठ, बायकांच्या मापात फरक आणखी वेगळा. तेव्हापासून मी हे आकडे बघतच नाही. बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलवर ‘सीएम’ किंवा ‘जेपी’ पुढे आकडा असतो, तो सेंटिमीटरचा. तो एकच आकडा बघा.

आपला पाय घरी मोजायचा. संध्याकाळी मोजा, दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडा पसरतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही. पेन्सिल सरळ उभी धरून कडेने रेघ काढायची आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजायचं. दोन्ही पाय मोजा. माझा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब निघाला, हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. लांब पायाच्या मापाने घ्या आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवा. हाफमध्ये पाय सुजतो, उतारावर पुढे सरकतो. माझी दोन नखं सोमेश्वरच्या उताराने काळी केली आहेत.

रुंदीचंही बघा. रेसिंग शूज बहुतेक अरुंद साच्यावर बनतात. ओला पाय शहाबादी फरशीवर टेकवून बघा. चवडा पसरट दिसला आणि बुटात उभं राहिल्यावर करंगळी कापडाला बाहेर ढकलत असली, तर तो बूट कितीही हलका असू दे, तुमचा नाही. मोठं माप घेऊन रुंदी मिळवू नका, मग टाच आत सरकते आणि फोड येतात.

दुसऱ्यांदा फसले ती गोष्टही सांगते. एका विक्रेत्याकडे सोळा हजारांचा बूट चार हजारांना दिसला. घेतला. शिलाई बरी, खोका बरा. दाबून बघितलं तर मधला फोम लाकडासारखा, आणि सत्तर किलोमीटरमध्ये तळाचं रबर एका बाजूने सुटलं. एवढी मोठी सूट जुन्या आवृत्तीला मिळत नाही, नकलेलाच मिळते. कंपनीचं स्वतःचं दुकान, स्वतःची साइट किंवा मोठं क्रीडासाहित्याचं दुकान, याबाहेर घेऊ नका.

बेचाळीस
३ नोव्हेंबर, रात्री ८.५०

थोडा वेगळा अनुभव मांडतो. मी कार्बनवर गेलो आणि माझी फुल मॅरेथॉन ३ तास ४८ वरून ३ तास ३६ झाली. शेवटच्या दहा किलोमीटरला पोटऱ्या आधीसारख्या बांधल्या जात नाहीत. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. पैसे जास्त गेले पण मला ते वसूल वाटतात. सेलची वाट बघून आठ-नऊ हजारांत सॉकनीचा जुना एंडॉर्फिन स्पीड मिळाला तर बघा. त्यात नायलॉनची प्लेट आहे, कार्बनपेक्षा लवचीक, आणि फोम पेबाचा आहे.

लासलगावकर
३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

बेचाळीस, तुमची वेळ सुधारली याचा आनंद आहे. पण तुमचा वेग किलोमीटरला पाच मिनिटं सात सेकंद आहे, सेकंड शिफ्ट यांचा पाच पंचावन्न. ताशी १० ते १२ किलोमीटर वेगाने पळणाऱ्यांवर २०२३ मध्ये अभ्यास झाला, त्यात अशा बुटांचा सरासरी फायदा एक-दीड टक्क्यावर आला आणि काहींना तर तोटाच झाला. ४ टक्के हा आकडा पुष्कळ जास्त वेगाने पळणाऱ्यांचा आहे.

किलोमीटरमागचा खर्चही काढा. अठरा हजारांचा बूट तीनशे किलोमीटर चांगला चालला तर किलोमीटरला साठ रुपये. पाच हजारांचा चारशे चालला तर साडेबारा. जाड सोलचा सरावाचा बूट तीन हजारांत घेऊन सहाशे चालवला तर पाच रुपये.

फिजिओ, इंदिरानगर
४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

मी या विषयावर थोडी आग्रहाने बोलेन, कारण जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात शूज बदललेले असतात.

जाड टाचेच्या बुटातून एकदम पातळ, हलक्या बुटात गेलात की टाच खाली येते आणि तेवढा ताण पोटरीवर आणि टाचेच्या शिरेवर जातो. दहा मिलिमीटरच्या फरकातून चारवर आलात तर सहा मिलिमीटर ऐकायला कमी वाटतात, पण साडेदहा हजार पावलांना ते सहन करायचे आहेत. प्लेटचं उलट आहे. ती पोटरीला वाचवते, पण भार पावलाच्या मधल्या हाडांकडे जातो. २०२३ मध्ये पाच धावपटूंच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकात आल्या, कार्बन प्लेटच्या बुटात पळाल्यावर त्यांच्या पावलाच्या नेव्हिक्युलर हाडाला ताणाची इजा झाली होती. प्लेट वाईट असते असं मी म्हणत नाही, एकदम जाऊ नका एवढंच.

सेकंड शिफ्ट, आजपासून जानेवारीपर्यंत तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे. पहिला आठवडा नेहमीचं पळणं झाल्यावर हलके शूज घालून शंभर मीटरच्या सहा फेऱ्या, पूर्ण जोर न लावता. दुसऱ्या आठवड्यात तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. मग पाच, आठ. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा चौदा किलोमीटर. रोजचा बूट जुनाच ठेवा. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाच किंवा पोटरी दुखली तर त्या आठवड्यात हलका बूट बंद.

शिफ्टला दिवसभर सेफ्टी शूज घालत असाल तर पोटरी आधीच आखडलेली असते. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच सावकाश खाली सोडायची, पंधरा वेळा, दिवसातून दोनदा. आजच सुरू करा.

हरसूलचे गुरुजी
४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

धागा मन लावून वाचला. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना?

आमच्या शाळेतल्या सात मुली लांब पल्ल्याचं पळतात. तीन जणी जिल्ह्याला जाऊन आल्या. धावपटू कविता राऊतचं गाव सावरपाडा आमच्याच भागातलं. तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, ते आमच्याकडच्या प्रत्येक पोरीला तोंडपाठ आहे. मुली अनवाणी पळतात, शेताच्या बांधावरून, खडीच्या रस्त्यावरून. पाय तयार आहेत.

गेल्या वर्षी एका दात्याने चांगले जाड, मऊ शूज दिले. आम्ही आनंदाने वाटले. पहिल्याच पंधरवड्यात दोघींचे घोटे मुरगळले. पायाखालचं काही कळत नाही म्हणतात, गादीवर पळल्यासारखं होतं. आता डांबरी रस्त्यावरच्या शर्यती आहेत, तिथे अनवाणी पळवणं मला पटत नाही. जोडीला दीड-दोन हजार जमवता येतील. काय घ्यावं?

चढउतार
४ नोव्हेंबर, रात्री १०.२५

गुरुजी, प्रश्न अगदी योग्य जागी आला.

घोटे मुरगळले यात मुलींची चूक नाही. अनवाणी पायाला जमीन चाटून चालायची सवय असते. त्याखाली एकदम चार सेंटिमीटरचा मऊ थर आला की पाय आत-बाहेर डगमगतो. त्यांना हलका, पातळ आणि सपाटच बूट हवा. दीड-दोन हजारांत मोठ्या कंपन्यांचा रेसिंगचा बूट मिळणार नाही, पण साधा पातळ सोलचा रनिंग शू मिळतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं १६०० मीटरसाठी जे घेतात त्या रांगेत बघा, निव्हियासारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचे असतात. हातात घेऊन तीन गोष्टी बघा. बूट चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध वाकता कामा नये. टाचेचा कप बोटाने दाबल्यावर पूर्ण चपटा होऊ नये. आणि दोन्ही टोकं धरून पिळल्यावर फडक्यासारखा पिळला जाऊ नये.

एक नियमही सांगून ठेवतो. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमात रस्त्यावरच्या शर्यतीला सोल ४० मिलिमीटरपर्यंत चालतो, पण ट्रॅकवर १ नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्या शर्यतींना २० मिलिमीटरची मर्यादा आहे. मुली पुढे राज्याला गेल्या तर जाड शूज ट्रॅकवर अडचणीचे ठरू शकतात. पातळ घेतलेत तर दोन्हीकडे चालतील.

आणि अनवाणी सराव पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून दोन दिवस शूज, बाकी आहे तसं.

गोदाकाठची
४ नोव्हेंबर, रात्री १०.५०

गुरुजी, वयावरून माप मागवू नका. वर मी कागदाची रीत लिहिलीय तशी सातही मुलींची पावलं कागदावर काढा, मागे नाव आणि रुंदी लिहा. वाढत्या वयात एक माप मोठं घ्यायचा मोह होतो, पण पळायच्या बुटात तो टाळा. अंगठ्याएवढी जागा पुरे.

सेकंड शिफ्ट
१६ नोव्हेंबर, रात्री ११.४५

काल घेतले. सगळं लिहितो.

पहिल्या शिफ्टनंतर थेट दुकानात गेलो, म्हणजे पाय दिवसभराचे तापलेले होते. पळायचे तेच मोजे खिशात नेले होते. कागदावर उजवा पाय २६.४, डावा २६.१ भरला. हायपर स्पीड दोन मापांत घालून बघितला. लहान माप उभं राहिल्यावर छान बसलं, पण दुकानाबाहेरच्या उतारावर दहा पावलं पळालो तर अंगठा पुढे लागला. मोठं घेतलं. टाच किंचित सैल वाटली तर तिथल्या मुलाने शेवटच्या जादा भोकातून नाडी परत त्याच बाजूला ओवली, तयार झालेल्या फासातून समोरची नाडी काढली आणि खाली ओढली. टाच एकदम बसली. तीन वर्षं ती दोन भोकं कशासाठी असतात ते मला माहीत नव्हतं.

मागचा रंग होता, ४,९०० पडले. घरी काट्यावर २२१ ग्रॅम. चढउतार काका, कंपनीने लिहिलेल्या वजनापेक्षा माझा जास्त भरला, असं का?

चढउतार
१७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

कंपन्या वजन एका ठरलेल्या मापाचं देतात, बहुतेक पुरुषांच्या यूएस ९ चं. तुमचं माप मोठं, म्हणून बूट जड. ३१२ चे २२१ झाले, ९१ ग्रॅम उतरले, उत्तम आहे.

दोन गोष्टी सांभाळा. हे शूज गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत्ता नाही पण मार्च-एप्रिलच्या उन्हात फोम मरतो. ओले झाले तर उन्हात किंवा गिझरवर वाळवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, कागद दोनदा बदला. दुसरी गोष्ट थंडीची. डिसेंबरात आपल्याकडे पहाटे पारा दहाच्या खाली येतो तेव्हा ईव्हीएसारखा फोम कडक लागतो. पहिले दोन किलोमीटर बूट लाकडी वाटले तर घाबरू नका, पळता पळता तो सैल होतो. शर्यतीच्या आदल्या रात्री शूज गॅलरीत नको, घरात ठेवा.

सेकंड शिफ्ट
२१ डिसेंबर, दुपारी ४.३०

फिजिओ ताईंनी सांगितलं तसंच केलं. तिसऱ्या आठवड्यात डावी पोटरी सकाळी ओढली, सहा दिवस हलका बूट बाजूला ठेवला. नंतर परत त्रास नाही. आज चौदा किलोमीटर पूर्ण झाले, शेवटचे पाच किलोमीटरला ५.२५ च्या वेगाने.

एक अनुभव सांगतो. गोल्फ क्लबच्या मातीच्या ट्रॅकवर हे शूज पायाला अतिशय सुखाचे. पण अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा सिमेंटचा रस्ता पार केला तर त्याच शूजमध्ये गुडघ्यापर्यंत दणका जाणवतो. जुन्या जाड बुटात हा फरक कधी कळलाच नव्हता. आता सिमेंटवर जुने, डांबरावर आणि मातीवर नवे असं ठेवलंय. पांडवलेणीच्या पायऱ्यांना तर नवे अजिबात नाही, एकदा चढलो तेव्हा तळाच्या रबराला टाचेजवळ लगेच चरे पडले.

बेचाळीस
२१ डिसेंबर, सायंकाळी ५.१५

पाण्याच्या टेबलाजवळ जपा. सांडलेलं पाणी आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे एकत्र आले की हलक्या शूजचं पातळ रबर घसरतं. मी तिथे चार पावलं चालत जातो.

सेकंड शिफ्ट
जानेवारी, शर्यतीची संध्याकाळ

१ तास ५७ मिनिटं ४० सेकंद.

१.५५ हुकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन आकडे बघितले तर पंधरानंतरचे सहा किलोमीटर सगळे ५.३५ ते ५.४२ मध्ये आहेत. मागच्या तीनही हाफला याच टप्प्यात मी सहाच्या वर जात होतो. पाय शेवटपर्यंत उचलले गेले. उजव्या टाचेला एक छोटा फोड, नखं सगळी जागेवर. परतीच्या चढावर १७ व्या किलोमीटरला एक क्षण असा आला की पायात काही घातलंय हेच विसरलो होतो, फक्त श्वास ऐकू येत होता.

लासलगावकर, तुमच्या हिशेबाने यातलं एक मिनिट शूजचं, सहा-साडेसहा मिनिटं गोल्फ क्लबच्या फेऱ्यांची. मला तो हिशेब बरोबर वाटतो. आजवर शूजचे ११८ किलोमीटर झाले. उरलेली २ मिनिटं ४० सेकंद यांच्यातच काढायची आहेत.

हरसूलचे गुरुजी
शर्यतीनंतर दोन दिवसांनी

अभिनंदन दादा. मुलींना वाचून दाखवलं.

सातही पावलं कागदावर काढून झाली. सगळ्यात लहान २२.१ सेंटिमीटर, सगळ्यात मोठं २४.६. पाच जणींचा चवडा रुंद आहे. पैसे जमलेत, जोडीला अठराशेपर्यंत जाता येईल. शनिवारी नाशिकला येतोय. मला दुकानातलं कळत नाही, कोणी सोबत येऊ शकेल का?

गोदाकाठची
त्याच रात्री १०.१५

मी येते गुरुजी. मूळ कागद आणा, फोटो नको, फोटोत माप चुकतं. दुकानातून आतले सोल काढून घेऊ आणि थेट कागदावरच्या रेघेवर ठेवून बघू. बोटं सोलच्या बाहेर जात असली तर ती जोडी तिथेच परत.

सेकंड शिफ्ट
त्याच रात्री ११.५०

शनिवारी माझी पहिली शिफ्ट आहे, साडेतीनला सुटतो. चार वाजता सीबीएस स्टँडला थांबतो, गुरुजींची गाडी तिथेच लागेल. माझा वजनकाटा घेऊन येईन.